अर्जदार हजर नाही

काकांना मी पहिल्यांदा चालताना पाहिलं ते त्यांच्या घरात राहायला लागून बराच काळ लोटल्यावर, आणि तेही घरात नव्हे, आरटीओत. तोवर मी त्यांना फक्त बसलेलं पाहिलं होतं. एकाच घरात राहून, एकाच पातेल्यातला चहा पिऊन एखादा माणूस आपल्याला कधी उभा दिसत नाही, हे कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पण ते घरच तसं होतं.

मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर ते राहत. त्यांची मागची खोली मला भाड्याने मिळाली. मी नाशिकहून आले होते, विम्याच्या कंपनीत क्लेम तपासायची नोकरी होती, आणि मुंबईत खोली शोधताना एकट्या बाईचा जेवढा म्हणून पाणउतारा व्हायचा तेवढा होऊन गेला होता. काकांनी दहाची वेळ दिली होती. मी जरा आधीच पोचले, तर काका खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत तयार होऊन बसलेले. इस्त्रीचा शर्ट, ओले करून विंचरलेले केस, पुढ्यात टीपॉय आणि टीपॉयवर वर्तमानपत्र असं पसरलेलं की गुडघ्याखालचं काही दिसू नये. उठले नाहीत. "या. आधी बसावं, मग बोलावं," म्हणाले. मला वाटलं, चला, घरमालक भेटला. भाडेकरूला बघून उठून उभा राहील तर तो मुंबईतला घरमालक कसला!

त्यांनी प्रश्न दोनच विचारले. रात्री परत किती वाजता येता आणि सकाळी खोलीबाहेर किती वाजता पडता. पहिल्याचं उत्तर त्यांनी नीट ऐकलंही नाही. दुसऱ्याच्या उत्तरावर मात्र पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. सात म्हणजे सातच ना, रविवारीही सातच ना. मला ते चमत्कारिक वाटलं, पण खोली हवेशीर होती आणि काकूंनी केलेले घावणे समोर आले होते. मी हो म्हणून टाकलं.

काकांचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला होता. हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. मागे दोन जादा चाकं लावलेली त्यांची स्कूटर वर्षानुवर्षं मागच्या दाराशी उभी होती, ती काही कोणी हौसेने चालवत नाही. पण त्यांना चालताना कोणी पाहिलं नव्हतं. ते पाहू देत नसत. लोक उठायच्या आधी ते बाहेर पडत, लोक आत गेल्यावर परत येत. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना माहीत नसल्यासारखं वागायची सवय लागली होती. मलाही लागली. सकाळी बाहेरच्या खोलीत फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला की मी दारामागे थांबायचे, आवाज थांबला की मग कडी जरा जोरात काढायचे. बाहेर आले की काका खुर्चीत, पेपर पसरलेला. "गुड मॉर्निंग मॅडम." मला ते शेवटपर्यंत मॅडमच म्हणत आले.

या एका गोष्टीपायी त्यांनी जगात सगळीकडे सगळ्यांच्या आधी पोचायचा नेम धरला होता. लग्नाचा मुहूर्त दुपारचा असला तरी काका सकाळी हॉलवर हजर. तेव्हा तिथे मंडपवाल्याखेरीज कोणी नसे. मंडपवाला ह्यांनाच मुलीचा मामा समजून विचारायचा, "साहेब, फुलं इकडे की तिकडे?" आणि काका बसल्या जागेवरून सांगायचेही, "तिकडे. इकडे पंखा आहे, झडतील." आचाऱ्यांबरोबर उपमा खाऊन होई, भटजींची ओळख होई. पाहुणे येऊ लागत तेव्हा काका पहिल्या रांगेत ऐसपैस. आणि शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उठायचे नाहीत. यजमानांना गहिवरून यायचं. "एवढ्या लवकर आले आणि शेवटपर्यंत थांबले, कोण करतं हल्ली?" नातेवाइकांत काकांइतकं कोणाचं नाव नव्हतं.

एकदा मात्र ह्या लवकर जाण्याने वाट लागली होती. काकांच्या बँकेतले एक जुने सहकारी वारले, त्यांची शोकसभा संध्याकाळी होती. काका दुपारीच जाऊन बसले. त्याआधी त्याच हॉलमध्ये भलत्याच गृहस्थांची शोकसभा होती. लोक जमले, फोटो आला, हार आला, आणि काका पहिल्या रांगेत अडकले. उठून जावं तर अख्ख्या हॉलमधून चालत जायला लागणार. बसून राहिले. पहिल्या रांगेतला एवढा गंभीर माणूस बघून कोणीतरी म्हणालं, तुम्हीही दोन शब्द बोला. काकांनी बसूनच माइक मागून घेतला आणि जन्मात न पाहिलेल्या माणसाविषयी बोलले. "माणूस वेळेचा पक्का होता," म्हणाले. त्या गृहस्थांच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. पुढे त्या घरातून ह्यांना दर दिवाळीला फराळ यायचा. काकू फराळ ताटात ओतून डबा परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "मेल्या माणसाचो फराळ खातत हे."

काकूंचं मी अजून काही सांगितलं नाही. त्या वेंगुर्ल्याकडच्या. काका लालबागेत वाढलेले, ते बँकेतली मराठी बोलत, पण काकूंनी मालवणी सोडली नव्हती. अंगाने भरल्या, आवाज खणखणीत, आणि मुलुंडच्या मासळी बाजारात त्यांच्याशी भाव करायला कोळणी कंटाळत. त्यांचे गुडघे माझ्या देखत बिघडत गेले. त्या एकट्याच सगळीकडे जात. त्याच लग्नाला काका सकाळी स्कूटरने, काकू दुपारी बसने. परतताना काकू आधी, काका हॉल रिकामा झाल्यावर. मला सुरुवातीला वाटलं, दोघांचं पटत नसेल. मग एकदा लसूण सोलताना काकूच म्हणाल्या.

"माका लग्नाआधीच ठावक हुता गो, पाय असो आसा म्हणान. माका कोणी फसवूक नाय. पण लग्न झाल्यापासून आमी दोगांय मिळान कधी चलाक नाय. देवळात नाय, बाजारात नाय. मी म्हणतंय, माका दिसता तां लोकांका दिसला तर काय जाता?"

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पाणी आलं नाही हे जसं सांगतात तसं त्यांनी सांगितलं. मला मात्र त्या दिवशी काकांचा राग आला, आणि तो बराच काळ गेला नाही.

गुडघ्यांमुळे काकूंना बसमध्ये चढता येईना, म्हणून काकांनी गाडी घेतली. गिअर नसलेली, लहानशी, पांढरी. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवायची सोय करून घेतली. अशा गाडीला रस्ता कर माफ असतो. शोरूममधल्या सेल्समनने आपण होऊन विचारलं होतं, "अंकल, दिव्यांग कोट्यातून करायची ना?" काका म्हणाले, "कोणासाठी?" सेल्समनने बिचाऱ्याने साधा फॉर्म पुढे केला आणि सगळ्यांचा भरतात तसा ह्यांचाही पूर्ण टॅक्स भरला गेला. हे काकूंना कळलं ते हाताचा ब्रेक बसवून देणाऱ्या मेकॅनिककडून. तो म्हणाला, अर्ज केला तर परत मिळतो.

काकू घरी आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्यांनी जाहीर केलं, "सरकार ज्या दिवशी तुमचे पैशे परत देतला, त्या दिवशी मी गाडयेत बसतलंय. तवसर माका रिक्षा बरी."

"अगं, थोडक्या पैशांसाठी कशाला?" काका म्हणाले. "गाडी तुझ्यासाठी घेतली ना?"

"पैशे गेले खड्ड्यात. एकदा तरी सांगा कोणाक तरी, पाय अधू आसा म्हणान. माका सांगू नकात, सरकाराक सांगा."

रिफंड आला की नाही, ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तेवढंच शोधत बसाल. आला. यथावकाश आला, आणि आला त्या दिवशी त्याचं कोणाला काही विशेष वाटलं नाही. पण तो येईपर्यंतचे दिवस मात्र बघण्यासारखे होते.

काकूंनी शब्द पाळला. गाडी खिडकीखाली उभी, आणि काकू नाक्यावर रिक्षाला हात करतायत. गुडघ्याचे डॉक्टर स्टेशनजवळ होते. काकू रिक्षात, आणि मागून काका नवी गाडी घेऊन रिक्षाच्या वेगाने. एकदा मी काकूंबरोबर होते. रिक्षावाला आरशात बघून घाबरला. "मॅडम, वो सफेद गाडी कब से पीछे पडी है." काकू म्हणाल्या, "जाने दो, अपना ही आदमी है." डॉक्टरकडे काका गाडीतच बसून राहत. परत येताना तीच वरात.

सोसायटीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. येताजाता जो तो खिडकीतून विचारायचा, "काय काका, आला का रिफंड?" काका पेपरमधून मान वर करून म्हणायचे, "सरकारी काम आणि सहा महिने थांब." सहा महिने होऊन गेले तरी उत्तर तेच. ते दर महिन्याला आरटीओत खेप घालत. पहाटे निघत, दुपारी परत येत, आणि काकूंनी काही विचारायच्या आत म्हणत, "फाइल पुढे सरकली नाही. करतायत." काकू आरटीओतल्या लोकांना मालवणीत जे काही म्हणत ते इथे लिहिता येणार नाही.

मला हे पटेना. क्लेम तपासणं माझं रोजचं काम. काकांची फाइल मी पाहिली होती. हॉस्पिटलचा दाखला, गाडीचे कागद, पावत्या, सगळं एकाखाली एक, बँकेच्या माणसाने लावावं तसं. अशी फाइल माझ्या टेबलावर आली असती तर मी संध्याकाळच्या आत मंजूर केली असती. कुठेतरी काहीतरी अडलं होतं आणि काका सांगत नव्हते. शेवटी त्यांच्या एका खेपेच्या दिवशी मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि त्यांच्या मागून आरटीओत गेले.

आत गर्दी होती. काका खिडकीला लागून असलेल्या बाकड्याच्या टोकाला बसलेले. खिडकी इतकी जवळ की कागद द्यायला उठायला नको. ती जागा मिळवायला ते किती लवकर आले असतील ते देव जाणे. आणि त्यांच्याभोवती हे एवढे लोक! कोणाला ते अर्ज कुठे भरायचा ते दाखवत होते, कोणाला सही कुठे करायची ते. एक एजंट येऊन त्यांना वाकून नमस्कार करून गेला. मी हाक मारणार, तेवढ्यात खिडकीतल्या बाईंनीच डोकं बाहेर काढलं.

"काका, आज तरी तुमची पार्टी आली का?"

"नाही मॅडम," काका म्हणाले. "त्यांना जमत नाहीये."

"अहो, मी किती दिवस फाइल धरून ठेवू? कागदात काही कमी नाही. साहेबांना फक्त माणूस आणि गाडी एकदा समोर बघायची आहे. गाडीतून आणा, इथून बाहेर पटांगणात दोन मिनिटांचं काम आहे."

"सांगतो त्यांना."

"मागच्या वेळीही सांगतो म्हणालात. फारच आहे का त्यांना? उठताही येत नाही?"

काकांनी जरा विचार केला. "उठता येतं," म्हणाले. "उठत नाहीत."

"तुमच्यासारखा एजंट नाही बघितला बाई," त्या म्हणाल्या. "पार्टीसाठी एवढ्या खेपा कोण घालतं?"

मी खांबाआड उभी होते. मला आधी हसू आलं. मग कळलं की हा माणूस इतके महिने इथे येऊन स्वतःचाच एजंट म्हणून बसतोय. पहिल्याच दिवशी बाईंनी "कोणाची फाइल?" विचारलं असेल, ह्यांनी बँकेतल्या सवयीने आडनाव आधी लावून नाव वाचलं असेल, त्या म्हणाल्या असतील "त्यांना घेऊन या", आणि ह्यांनी मान डोलावली असेल. इस्त्रीचा शर्ट, हातात फोल्डर, बोलणं चोख. त्या बाईंचा काय दोष? घरी काकू आरटीओला शिव्या घालतायत, मुलुंडभर रिक्षाने फिरतायत, गुडघे दाबत बसतायत, आणि फाइल अडवणारा माणूस रोज त्यांच्याच हातचं जेवतोय. मला एवढा संताप आला की मी तशीच ऑफिसला निघून गेले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा काका खुर्चीत होते, काकू आत भात टाकत होत्या. मी चप्पल काढतानाच विचारलं, "काका, पार्टी कधी येणार आहे?"

त्यांनी पेपर खाली केला. नाटक केलं नाही. "तुम्ही आला होतात," एवढंच म्हणाले.

"काकूंना काय सांगताय तुम्ही? सरकारी काम? आणि त्या रिक्षाने..."

"हळू," ते म्हणाले. मग पेपरची घडी घातली. मला वाटलं, आता खोली सोडा म्हणणार. पण ते बोलू लागले, आणि खिडकीकडे बघूनच बोलत राहिले.

"मॅडम, मी आयुष्यभर काउंटरमागे बसलो. लोक येत, समोर उभे राहत, मी बसलेला. छान चाललं होतं. मग बँकेत कॅमेरे बसवले. मॅनेजरच्या केबिनमध्ये त्याचा पडदा. एकदा सहीसाठी आत बोलावलं. मी केबिनमध्ये गेलो, खुर्चीत बसलो, आणि त्यांनी आधीचं काहीतरी बघायला त्या पडद्यावरचं चित्रण मागे नेलं. त्यात एक माणूस चालत येताना दिसला. गुडघा हाताने दाबत, एका बाजूला कलत. माझ्या मनात आलं, अरेरे, बिचारा. मग शर्ट ओळखला." ते थांबले. "मीच मला बिचारा म्हणालो. मग लोक काय म्हणत असतील?"

सकाळपासूनचा राग कुठे गेला कळलं नाही. त्यांचं वाईट वाटलं म्हणावं, तर तेच तर त्यांना नको होतं. मी चपला कोपऱ्यात सरकवल्या.

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. हात पदराला पुसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता स्फोट होणार म्हणून मी अंग चोरलं. पण काकू खुर्चीपाशी जाऊन इतकंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी येतंय तुमच्यावांगडा."

"तू गाडीत बसणार?"

"गाडयेत नाय. रिक्षान येतंय. पण येतंय."

पुढच्या खेपेला काका नेहमीप्रमाणे अंधारात निघाले. मी आणि काकू नंतर रिक्षाने. काकूंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि वेणी माळली होती. आरटीओत जायला वेणी कशाला म्हणून मी चिडवलं, तर म्हणाल्या, "कार्याक जातंय ना." आम्ही पोचलो तेव्हा काका त्यांच्या जागेवर. काकू कण्हत-कुथत त्यांच्या शेजारी बाकड्यावर टेकल्या. मी समोर भिंतीला टेकून उभी. मला वाटत होतं, आपणच जाऊन त्या बाईंना सांगून मोकळं व्हावं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागची हलले नाही.

खिडकी उघडली. बाईंनी चष्मा लावला, गठ्ठा पुढे ओढला.

"काका, आली का पार्टी?"

काकांनी हातातलं फोल्डर सरळ केलं.

"हे बघा, आज मला ही फाइल परत करायला लागेल. अर्जदार हजर नाही असा शेरा मारते. मग नवा अर्ज करा, पहिल्यापासून." त्यांनी पेन उचललं. त्यांचा आवाज कडक नव्हता. वैतागलेल्या माणसाचा होता.

मी काकूंकडे बघितलं. त्या समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचत असल्यासारख्या बसल्या होत्या, आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्यांनी काकांना कोपरही मारलं नाही.

"मॅडम, शेरा मारू नका," काका म्हणाले. "अर्जदार हजर आहे."

"कुठाय?"

काकांनी फोल्डर काकूंच्या मांडीवर ठेवलं, बाकड्याचा कठडा धरला आणि उभे राहिले. खिडकी इतकी जवळ होती की दोन पावलांत पोचले असते. पण त्यांनी खिडकीकडे पाठ केली आणि पटांगणाच्या दाराकडे चालू लागले, अख्ख्या हॉलमधून. डावा हात गुडघ्यावर, पाऊल टाकताना अंग डावीकडे खाली जायचं, पुन्हा वर यायचं. मी इतके दिवस दारामागून ऐकत आलेला आवाज हा होता. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःची चीडच आली, कारण हॉलमध्ये दुसऱ्या कोणाचेच भरले नव्हते. लोकांनी बघितलं, वाट दिली, पुन्हा आपापल्या फोनमध्ये डोकं घातलं. खिडकीतल्या बाई मात्र उभ्या राहिल्या होत्या. "अहो काका, म्हणजे तुम्हीच..." एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. एका माणसाने तर काकांना मध्येच थांबवलं. मला वाटलं, आता हा खुर्ची देतो की काय. त्याने आपला अर्ज पुढे केला. "काका, ते मागच्या पानावर पत्ता गावचा लिहू की इथला?"

काका थांबले. गुडघ्यावरचा हात न काढता त्यांनी तो कागद वाचला. "इथला," म्हणाले. "गावचा लिहिलात तर गावाला पाठवतील." आणि पुढे निघाले.

पटांगणात इन्स्पेक्टर साहेब होते. तरुण होते, घाईत होते. त्यांनी गाडीत वाकून हाताचा ब्रेक बघितला, दाबून बघितला, कागदाशी नंबर ताडला. "काका, तिथपर्यंत जाऊन या जरा," म्हणाले. काका गेले आणि आले. साहेबांनी सही केली. जी गोष्ट काका एवढे महिने टाळत होते ती चहा पिऊन होईपर्यंत झाली होती. "पैसे खात्यात जमा होतील," साहेब म्हणाले. "वेळ लागेल. वाट बघा."

ते दुसऱ्या गाडीकडे वळले. त्यांनी गाडी पुढे घ्यायला सांगितलं होतं, म्हणून तिथल्या शिपायाने ती पटांगणाच्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन लावली होती. काका तिकडे निघाले. काकू माझा हात धरून दारातच उभ्या होत्या. माझा अंदाज, त्या आता रिक्षासाठी फाटकाकडे वळतील, कारण पैसे काही अजून आले नव्हते आणि काकूंचा शब्द म्हणजे शब्द. मी त्यांचा हात धरून फाटकाकडे वळलेही.

काकूंनी हात सोडवून घेतला. "पैशे येतले तेवा येतले," म्हणाल्या, आणि गाडीच्या दिशेने निघाल्या.

त्यांचे गुडघे त्या दिवशी फारच धरले होते. दोन पावलं टाकायच्या, थांबायच्या, कमरेवर हात ठेवायच्या. काका बरेच पुढे गेले होते. जन्मभराच्या सवयीने ते भराभर चालत होते, कोणी बघायच्या आत पोचायचं म्हणून चालतात तसे. त्यांच्यात आणि काकूंत अंतर वाढतच चाललं होतं. मागून येतंय कोणी, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अहो!" काकूंनी हाक मारली. सगळं पटांगण वळलं. "हळू चला की जरा. माका गाठूक जमना नाय."

काका जागच्या जागी थांबले. त्यांना आजवर कोणी, कधी, हळू चला म्हणालं नसणार. त्यांनी वळून बघितलं, आधी काकूंच्या तोंडाकडे आणि मग त्यांच्या गुडघ्यांकडे. टेकायला जवळपास काही नव्हतं, खुर्ची नव्हती, भिंत नव्हती. आजूबाजूला गाड्या, ड्रायव्हर, एजंट, नवी गाडी पूजायला नारळ घेऊन आलेली कुटुंबं. काका तिथे मधोमध, सगळ्यांच्या देखत, उभे राहिले.

काकूंना पोचायला बराच वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ ते उभे होते.